राष्ट्रवाद कुठून आला आणि कुठे बिघडतो: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एकदा इतिहासावर बैठक भरते. प्रश्न चिठ्ठीवर येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, गणपतीला आलेले चाकरमानी परत जाताना एसटी स्टँडवर उभ्या उभ्या विचारतात. राष्ट्रवादावर तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. राष्ट्रवाद म्हणजे देशप्रेमच ना? मग दोन शब्द कशाला?

आपल्याकडची जुनी माणसं 'देशावर गेला' म्हणायची ती घाट चढून कराड-कोल्हापूरकडे गेलेल्या माणसाबद्दल. कोकणी माणसाच्या तोंडी 'देश' म्हणजे सह्याद्रीपलीकडचा मुलूख. आपण स्वतः त्यात नव्हतोच. 'वतन' शब्दाचंही तसंच. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी, आपल्या जुन्या दप्तरांत वतन म्हणजे पिढीजात हक्काची जमीन किंवा पद. माणसाचा जीव जडलेला असे तो वाडीवर, देवळावर, खाडीवर, आपल्या पंचक्रोशीवर. ते प्रेम फार जुनं आहे आणि ते कुणी शिकवावं लागत नाही.

राष्ट्रवाद ही त्यापुढची राजकीय मागणी आहे. ज्या कोट्यवधी माणसांची आणि आपली कधी गाठ पडणार नाही, ती सगळी आणि आपण मिळून 'एक' आहोत, असं तो सांगतो. या एकाला स्वतःचं राज्य हवं, आणि त्या राज्यावरची निष्ठा गाव, जात, घराणं, धर्मगुरू, राजा या सगळ्यांच्या वर हवी, असं तो मागतो. अशा मागणीला सीमा लागते. सीमा आली की आतले कोण आणि बाहेरचे कोण हा प्रश्न आलाच. पुढचे बहुतेक प्रश्न याच एका प्रश्नाची पोरं आहेत.

२. 'राष्ट्र' शब्द तर ऋग्वेदात आहे. आपल्या राज्याच्या नावातच आहे. मग राष्ट्रवाद 'आधुनिक' कसा?

शब्द जुना, अर्थ नवा. जुन्या ग्रंथांत राष्ट्र म्हणजे राज्य, राजाच्या सत्तेखालचा प्रदेश. तिथली प्रजा राजाची असते. आधुनिक अर्थात हे उलटं होतं: राज्य लोकांचं असतं आणि ते लोक म्हणजेच राष्ट्र. महात्मा फुले यांना हा फरक इतका स्पष्ट दिसत होता की त्यांनी 'नेशन' हाच शब्द देवनागरीत वापरला आणि त्याचा अर्थ 'एकमय लोक' असा लावला. जातीजातींत तुटलेले लोक एकमय होत नाहीत तोवर इथे नेशन कसलं, असं त्यांचं विचारणं होतं. सव्वाशेहून जास्त वर्षं उलटली तरी या विषयावर मराठीत यापेक्षा नेमका प्रश्न कुणी विचारला आहे असं मला वाटत नाही.

३. मग तो जन्मला कुठे आणि केव्हा?

एकच जन्मतारीख देता येत नाही, पण १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती हा सगळ्यात मोठा टप्पा. त्या वर्षीच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे की सार्वभौमत्वाचा उगम राष्ट्रात आहे. आजवर तो राजात होता. चार वर्षांनी, ऑगस्ट १७९३ मध्ये, त्याच राष्ट्राने सरसकट सैन्यभरतीचं फर्मान काढलं. राजाचं सैन्य पगारी असे, राष्ट्राचं सैन्य म्हणजे सगळेच तरुण. हक्क आणि मरण्याचं कर्तव्य अशी दोन्ही एकाच दारातून आत आली. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट त्याच सुमाराची. १७९४ मध्ये ग्रेगवार नावाच्या धर्मगुरू-प्रतिनिधीने फ्रान्समधल्या भाषांची पाहणी मांडली. फ्रेंच बोलणाऱ्यांचं म्हणून जे राष्ट्र उभं केलं जात होतं त्यात साठ लाख लोकांना फ्रेंच मुळीच येत नव्हतं आणि शुद्ध फ्रेंच बोलणारे जेमतेम तीस लाख होते. बाकीचे ब्रेतों, ऑक्सितान, बास्क, जर्मन आणि नाना बोली बोलत होते. म्हणजे आधी राष्ट्र ठरलं आणि मग शाळा व बराकी यांतून त्याची भाषा सगळ्यांच्या तोंडी बसवली गेली. इटलीचंही तेच. १८६१ मध्ये इटली एक झाली तेव्हा प्रमाण इटालियन बोलणारे शंभरात दोन-तीनच होते, असा एका नामवंत भाषाशास्त्रज्ञाचा अंदाज आहे.

जर्मनीत वाट वेगळी निघाली. तिथे राज्यं डझनावारी, एक राज्य नाहीच. हर्डर या विचारवंताने म्हटलं की प्रत्येक लोकसमूहाचा आत्मा त्याच्या भाषेत, गाण्यांत, कथांत असतो. नेपोलियनच्या फौजा बर्लिनमध्ये असताना, १८०७-०८ च्या हिवाळ्यात, फिख्टे या तत्त्वज्ञाने तिथेच जर्मन राष्ट्राला उद्देशून व्याख्यानं दिली. हरलेल्यांचा, अपमान झालेल्यांचा राष्ट्रवाद तो हा. फ्रेंच वाटेने नागरिक होता येतं. जर्मन वाटेने तुम्ही जन्माने आत असता किंवा नसता. जगातले बहुतेक राष्ट्रवाद या दोन्हींचं मिश्रण आहेत, पण संकटात दुसरी वाट जोर धरते.

४. छापखान्याचा राष्ट्रवादाशी संबंध काय? बैठकीत दरवेळी तो येतो.

येतो कारण तो आपल्या दारातून गेलेला रस्ता आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, हे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र. त्याआधी पोंभुर्ल्यातला माणूस आणि नाशिककडचा माणूस एकमेकांचे कोण होते? बोली वेगळी, पीक वेगळं, देव वेगळा. छापील मराठी आली आणि दोघे एकच मजकूर वाचू लागले. बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने १९८३ मध्ये हेच सूत्र जगासाठी मांडलं: रोज सकाळी तेच पान आपल्यासारखे हजारो अनोळखी लोक उघडतात, ही जाणीव म्हणजे राष्ट्राची पहिली जाणीव.

छापखाना जोडतो तसा तोडतोही. कुठली बोली 'शुद्ध' आणि कुठली 'गावंढळ' हे त्यानेच ठरवलं. मालवणी, संगमेश्वरी, आगरी, कोकणी मुसलमानांची बोली या सगळ्या पुस्तकाबाहेर राहिल्या.

५. शिवाजी महाराजांचं स्वराज्य हे राष्ट्र नव्हतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि थोडा रागाने येतो, म्हणून सावकाश उत्तर देतो.

स्वराज्य ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका असं सैन्याला बजावणारा राजा होता. त्याच्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता. पण 'आधुनिक राष्ट्र' हा शब्द लावला की आपण आजच्या कसोट्या त्या काळावर लादतो, आणि त्या लादल्या की त्या काळातली माणसं आपल्याला कळेनाशी होतात. एक दाखला आपल्याच किनाऱ्यावरचा.

विजयदुर्गाला कधी गेलात तर खाडीच्या तोंडाशी उभे राहा. तिथे तुळाजी आंग्र्यांचं आरमार नांगरलेलं असे. कान्होजींचा हा मुलगा, इंग्रज, डच, पोर्तुगीज साऱ्यांना त्याचा धसका. १७५५ मध्ये पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी एकत्र आले आणि सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमारप्रमुख वॉटसनची जहाजं आणि कंपनीच्या क्लाइव्हचे शिपाई विजयदुर्गावर आले, जमिनीवरून पेशव्यांची फौज होती. गोळीबारात आग लागली आणि मराठ्यांचं सगळ्यात बलाढ्य आरमार धक्क्यालाच जळून गेलं. तुळाजीचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं, आणि इंग्रजांना बाणकोट मिळालं.

दोनच वर्षांत बंगालमध्ये प्लासी झाली, तोच क्लाइव्ह. आज आपण वाचतो तेव्हा मनात पहिला शब्द येतो: देशद्रोह. बैठकीत एक निवृत्त मास्तर हे ऐकून डोळे पुसत म्हणाले होते, "आपलंच आरमार आपणच जाळलं." त्यांचं दुःख खरं आहे, माझंही तेच आहे. पण नानासाहेब पेशव्यांच्या डोक्यात 'आपलं' या शब्दाचा तो अर्थ नव्हता. त्यांच्या लेखी तुळाजी हा हुकूम न मानणारा सरदार होता, आणि टोपीकर, म्हणजे इंग्रज, हे दरबारातल्या इतर अनेक सत्तांसारखी एक सत्ता. तुळाजीनेही लुटताना गलबत कुणाचं आहे एवढंच पाहिलं, माणूस मराठी बोलतो का हे पाहिलं नाही. राष्ट्र ही कल्पना तिथे नव्हती, म्हणून राष्ट्रद्रोहही नव्हता.

यात महाराजांचा किंवा आंग्र्यांचा मोठेपणा तसूभर कमी होत नाही. मोठं होण्यासाठी त्यांना आपल्या शतकाचं प्रमाणपत्र लागत नाही.

६. भारतात राष्ट्रवाद इंग्रजांनी आणला, असं म्हणायचं का?

चौकट त्यांच्यामुळे आली: एक नकाशा, एक कायदा, रेल्वे, टपाल, दर दहा वर्षांनी जनगणना. आशय इथल्या लोकांनी भरला, आणि त्यात आपल्या किनाऱ्याचा वाटा फार मोठा आहे. २३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १८९३ पासून घरातल्या माजघरात बसणारा गणपती चौकात आणण्याला बळ दिलं, १८९६ मध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. जुनी श्रद्धा घेऊन तिला नवं सार्वजनिक रूप द्यायचं, ही राष्ट्रवादाची जगभरची रीत. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मंडालेत भोगली.

दुसरा धागा महाडचा, आणि माझ्या लेखी तो तितकाच मोठा. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. नगरपालिकेने तळं खुलं केल्याला तेव्हा तीनेक वर्षं झाली होती, तरी कुणाची हिंमत होत नव्हती. पाणी पिऊन परतणाऱ्यांना गावात मारहाण झाली आणि मागाहून तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. एका तळ्याचं पाणी ज्यांना एकत्र पिता येत नाही ते एक राष्ट्र कसे? पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी जाती राष्ट्रविरोधी आहेत असं सांगितलं. प्रश्न २ मधलं फुल्यांचं 'एकमय' आणि हे विधान शेजारी ठेवून वाचा.

७. राष्ट्रवादामुळेच तर स्वातंत्र्य मिळालं. त्यात धोका कसला शोधता?

मिळालं, आणि ते मी कधीही विसरणार नाही. परक्या सत्तेखालच्या माणसाला राष्ट्रवाद कणा देतो. धोका सुरू होतो तो सत्ता हातात आल्यावर, कारण ज्याच्याविरुद्ध एक झालो तो निघून गेलेला असतो आणि एकी टिकवायला नवा 'तो' लागतो. तो बहुतेक वेळा घरातच सापडतो.

ज्यांनी हे आधी पाहिलं त्यांत रवींद्रनाथ ठाकूर आहेत. १९१६-१७ मध्ये, युरोपात राष्ट्रं एकमेकांची पोरं कापत असताना, त्यांनी जपान आणि अमेरिकेत जाऊन राष्ट्रवादाविरुद्ध व्याख्यानं दिली. जपानमध्ये टीका झाली. ज्यांचं गीत आपण राष्ट्रगीत म्हणून उभं राहून म्हणतो त्यांचंच हे म्हणणं होतं, हे मुलांना शाळेत सांगायला हवं. त्या युद्धात सुमारे ९० लाख सैनिक मेले. ऑगस्ट १९१४ पर्यंत 'जगातल्या कामगारांनो एक व्हा' म्हणणाऱ्या जर्मनीच्या समाजवादी पक्षाने ४ ऑगस्टला संसदेत युद्धखर्चाच्या बाजूने मत दिलं. प्रश्न ३ मधलं १७९३ चं फर्मान इथवर येऊन पोचलं.

पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेले विनोबा 'जय जगत' म्हणत, दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी आंतरभारती मांडत. दोघांनी स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगला होता. त्यांना देश कमी प्रिय होता असं कोण म्हणेल?

८. बिघाड सुरू झाला हे ओळखायचं कसं?

पहिली खूण कागदावर दिसते. रवांडात बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३० च्या दशकात ओळखपत्रावर माणूस हुतू की तुत्सी, तिथल्या दोन समाजांपैकी कुठला, हे छापायला सुरुवात केली. १९९४ मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड मागितलं जाई आणि त्यावरून कोण मरणार ते ठरे. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं गेली. दुसरी खूण भाषेत. तिथल्या रेडिओवर माणसांना झुरळं म्हणत. माणसाला किडा, वाळवी, रोग म्हणणं सुरू झालं की पुढचं काम हातांना सोपं जातं. तुमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा शब्द आला तर तिथेच थांबवा, मग तो कुणाहीबद्दल असो. ही एक गोष्ट मी हात जोडून सांगतो.

तिसरी खूण कायद्यात: नागरिकांत वरची आणि खालची अशा प्रती पडतात. जर्मनीत १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व काढलं, पहिल्या महायुद्धात त्याच जर्मनीसाठी लढून पदकं मिळवलेल्यांचंसुद्धा. श्रीलंकेत १९५६ मध्ये फक्त सिंहली राजभाषा केली, १९८१ मध्ये जाफन्याचं ग्रंथालय जाळलं गेलं, १९८३ पासून युद्ध, ते २००९ पर्यंत चाललं. सरकारी अर्जाच्या भाषेपासून सुरू झालेली गोष्ट.

कधी कधी बिघाड सभ्य कपड्यांत, करारावर सह्या करून येतो. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकांची अदलाबदल केली. सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसकडे, साडेतीन ते चार लाख मुसलमान तुर्कस्तानकडे. कसोटी धर्माची होती. त्यामुळे फक्त तुर्की बोलणारे ख्रिस्ती 'मायदेशी' ग्रीसला गेले, तिथे त्यांची भाषा कुणाला कळेना, आणि ग्रीक बोलणारे क्रेटचे मुसलमान तुर्कस्तानात जाऊन मुके झाले.

९. रत्नागिरीच्या थिबा राजाचा या विषयाशी काय संबंध? सहलीला नेहमी नेतात, सांगत कुणी नाही.

संबंध जवळचा आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकून राजा थिबा याला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहाला रंगूनला नेलं होतं, तिथे तो १८६२ मध्ये वारला. एका राजाला इकडून तिकडे, दुसऱ्याला तिकडून इकडे. थिबाचा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. वाड्याच्या मागच्या बाजूने खाडी आणि भाट्याकडचा समुद्र दिसतो. लाकडी जाळ्यांच्या खिडकीशी उभं राहिलं की राजाला रोज कुठलं पाणी दिसत होतं ते कळतं, आणि ते त्याचं पाणी नव्हतं हेही कळतं.

राजाविना झालेल्या ब्रह्मदेशात राष्ट्रवाद वाढला तो इंग्रजांविरुद्ध, पण रंगूनच्या गोदीत आणि बाजारात डोळ्यांसमोर होता तो भारतीय हमाल, भारतीय सावकार. १९३० आणि १९३८ मध्ये भारतीयांविरुद्ध दंगली झाल्या. १९६० च्या दशकात लष्करी राजवटीने दुकानं ताब्यात घेतली आणि लाखोंनी भारतीय परत आले. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने तिथले रोहिंग्या मुसलमान नागरिकत्वाबाहेर पडले, आणि ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त माणसं बांगलादेशात पळाली. प्रश्न ७ मध्ये म्हटलेला 'घरातला तो' पायरीपायरीने कसा बदलत जातो याचं हे उदाहरण. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थीन सेन रत्नागिरीत येऊन थिबाच्या कबरीला नमस्कार करून गेले. राजा त्यांना आपला वाटला. रोहिंग्या वाटले नाहीत.

१०. सावरकर रत्नागिरीत तेरा वर्षं होते. त्यांच्याबद्दल बोलायचं टाळता का?

टाळत नाही. १९२४ ते १९३७ ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी इथे सहभोजनं घडवली, १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्वांसाठी उघडलं गेलं. त्यांनी इटलीच्या एकीसाठी झटलेल्या मॅझिनीचं चरित्र मराठीत आणलं होतं, म्हणजे प्रश्न ३ मधली युरोपातली वाट त्यांना पाठ होती. १९२३ च्या 'हिंदुत्व' या पुस्तकात त्यांनी जी व्याख्या केली तिच्यात दोन अटी आहेत: ही भूमी पितृभू असावी आणि पुण्यभूही असावी. पहिली अट कोकणी मुसलमान, वसईचा ख्रिस्ती, अलिबागचा बेने इस्रायली ज्यू सहज पुरी करतात, पिढ्यानपिढ्या इथल्याच मातीत पुरले गेले आहेत. दुसरी अट त्यांना पुरी करता येत नाही, कारण ती त्यांच्या वागण्याबद्दल नसून श्रद्धेबद्दल आहे. माझा मतभेद इथे आहे. शेजाऱ्याची तीर्थक्षेत्रं कुठे आहेत यावरून त्याचं नागरिकपण जोखू नये.

चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांचीही आठवण ठेवावी. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढून त्यांनी स्वतःच्या समाजातल्या धर्मांधतेवर कठोर टीका केली आणि हिंदू धर्मांधतेलाही सोडलं नाही. दोन्हीकडून त्यांना त्रास झाला.

११. माझं आजोळ पेडण्याला, घर सावंतवाडीला. गोवा महाराष्ट्रात यायला हवा होता, असं घरचे अजून म्हणतात. हा राष्ट्रवादच का?

भाषिक राष्ट्रवाद, धाकटं भावंड. गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक तुम्ही पाहिलं असेल. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले, पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक माणसं गेली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि लगेच दुसरा वाद उभा राहिला: कोकणी ही भाषा की मराठीची बोली? १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं, वेगळं राहण्याला १,७२,१९१. आपल्याकडच्यांना वाईट वाटलं, माझ्या वडिलांनाही. पण प्रश्न मतपेटीत सुटला.

रेनाँ या फ्रेंच विचारवंताने १८८२ मध्ये म्हटलं की राष्ट्र म्हणजे रोजचं सार्वमत. आपण ग्रामदेवतेला कौल लावतो तेव्हा पाकळी डावी पडो की उजवी, निकाल मानायचा असतो. गोव्याचा कौल आपण मानला, म्हणून आज पेडणं आणि सावंतवाडी यांच्यात लग्नं जमतात आणि पत्रादेवीला तारेचं कुंपण नाही.

१२. एखाद्याचं दोन देशांवर प्रेम असू शकतं का?

अलिबागच्या इस्रायल आळीत जा. बेने इस्रायलींची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले. तेल गाळायचं काम करत, शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. नवगावकर, पेणकर, दिवेकर अशी त्यांची आडनावं आहेत. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले. तिथे १९६२ मध्ये धर्मपीठाने फतवा काढला की यांची लग्नं लावण्याआधी वंशावळ तपासा. ज्या देशासाठी घर सोडलं त्याने विचारलं, तुम्ही खरंच आमचे का? त्यांनी धरणं धरलं, लढले, आणि १९६४ मध्ये तो अन्याय मागे घेतला गेला. तिथे त्यांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवलं, घरात पुरणपोळी टिकवली. इस्रायलवरचं त्यांचं प्रेम मराठीमुळे कमी झालं नाही. तेव्हा उत्तर: हो, असू शकतं, आणि असतं.

१३. समुद्रात रेघ कुठे असते? पोरं पाकिस्तानच्या तुरुंगात का पडतात?

रेघ नकाशावर असते. पालघर-डहाणूकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात, मासा कच्छकडे सरकतो, मागोमाग बोट सरकते, आणि कच्छजवळच्या सर क्रीक या खाडीचा वाद न सुटल्याने तिकडची हद्द दोन्ही देशांना मान्य अशी ठरलेलीच नाही. पकडला गेलेला खलाशी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात राहतो. तिकडचे मच्छीमार इकडे तसेच. घरी बायको पतपेढीचा हप्ता भरत बसते. या माणसाने कुठल्याही देशाविरुद्ध काही केलेलं नसतं. कैद्यांच्या याद्या दोन्ही सरकारं वर्षातून दोनदा एकमेकांना देतात, तेव्हा नातेवाइकांनी मत्स्य खात्याकडे आणि आपल्या मच्छीमार सोसायटीकडे नाव, बोटीचा क्रमांक, ओळखपत्राची प्रत दिलेली असली पाहिजे.

१४. आमच्या आंब्याच्या बागेत नेपाळी कुटुंब राखणीला आहे. त्यांची मुलगी शाळेत 'भारत माझा देश आहे' म्हणते. हे बरोबर आहे का? तिला सक्ती करता येते का?

आधी कायदा. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे तिच्या आईवडिलांना इथे राहण्याचा आणि काम करण्याचा अधिकार आहे. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला लागू होतो, म्हणजे शाळा तिचीही आहे. सक्तीचं म्हणाल तर केरळमधल्या तीन मुलांचा खटला आहे: राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत, म्हणून शाळेतून काढली. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. आदराने उभं राहणं पुरेसं आहे. प्रतिज्ञेलाही तोच न्याय लावावा असं मी म्हणेन.

आता मनाचं. ही प्रतिज्ञा १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली, तिथून ती मराठीत आली. म्हणजे आपल्या मुलांच्या तोंडीही ती भाषांतरच आहे.

अशीच एक मुलगी मी जवळून पाहिली आहे. बाप माकडं हाकायला पहाटेपासून गोफण घेऊन कलमांखाली, आई मांगरात पेट्यांत पेंढा पसरणारी, आणि ही शाळेच्या आधी झेल्यातून उतरलेले आंबे डेखासकट नीट रचून ठेवणारी. प्रतिज्ञा ती वर्गात सगळ्यांत मोठ्याने म्हणते. एका पालकाने तक्रार केली, तेव्हा बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात तिला नेपाळीतले आकडे फळ्यावर लिहायला सांगितले. एक, दुई, तीन, चार, पाँच, छ, सात, आठ, नौ, दस. पोरांनी एकसुरात म्हटलं. एक, तीन, चार, सात, आठ तर आपलेच निघाले, तेव्हा मागच्या बाकावरचा तो तक्रारवाल्यांचा मुलगा ओरडला, "बाई, हिला येतंय आमचं!"